खोकल्याची बाटली

दिवाळीला माझा भाचा बेंगळुरूहून आला होता. फराळाच्या ताटाभोवती सगळे बसलो असताना आमच्या मामीने त्याला विचारलं, "बाळा, तू आता काय शिकालाईस?"

"ऑपरेशन्स रिसर्च, आजी."

"हौदा? म्हणजे डागदर होणार की! कशाचं ऑपरेशन? डोळ्याचं का पोटाचं?"

सगळे हसले. मामीसुद्धा हसली, पण तिला उत्तर हवंच होतं. मामीचं माहेर बैलहोंगलचं. साठ वर्षं मराठी घरात काढली तरी तिचं बोलणं निम्मं कन्नड, निम्मं मराठी. आणि रागावली की पुरतं कन्नड. भाच्याने थोडा विचार केला आणि म्हणाला, "आजी, लग्नातली पंगत बघितलीस ना? आचारी चांगला आहे, सामान भरपूर आहे, वाढपी दहा आहेत. तरी पंगत उठायला तास लागतो. का?"

मामी लगेच म्हणाली, "भाताचा पातेला धरणारा एकच असतोय म्हणून."

"बस्स. हेच शिकतोय मी."

वाचकहो, मामीची शाळा चौथीपर्यंत. पण या शास्त्राचं मर्म तिने एका वाक्यात सांगितलं. काम कुठे अडतंय ते आधी शोधायचं. मग आहे त्याच माणसांत, आहे त्याच पैशात ते जास्त कसं होईल हे मोजूनमापून ठरवायचं. दुसऱ्या महायुद्धात इंग्लंडमध्ये हे शास्त्र नावारूपाला आलं. विमानं आणि रडार हाताशी होती, पण ती कुठे, किती आणि कशी लावायची हे ठरवायला सेनाधिकाऱ्यांच्या जोडीला शास्त्रज्ञ बसवले गेले. पुढे १९४८ साली पदार्थविज्ञानाचं नोबेल मिळवणारे पॅट्रिक ब्लॅकेट त्यांत आघाडीवर होते. युद्ध संपल्यावर हीच विद्या कारखान्यांत, रेल्वेत आणि हळूहळू दवाखान्यांत आली. पैसा मुबलक असेल तिथे तिच्यावाचून अडत नाही. जिथे डॉक्टर एक आणि रांग दोनशेची, तिथे तिची खरी गरज.

एवढ्यावर विषय संपला असता. पण भाचा म्हणाला, "आत्या, या विषयातलं एक जुनं आणि फार चांगलं काम आपल्याच राज्यात झालंय. तुमकूरला. क्षयरोगावर." क्षय म्हटल्यावर मामी ताटावरून उठली आणि आत गेली. आमच्या घरात तो शब्द सहसा कोणी काढत नाही.

आमचे मामा खानापूर तालुक्यात कौलांच्या कारखान्यात कामाला होते. १९७१ साली गेले, तेव्हा मी आठ वर्षांची होते. मला आठवतो तो त्यांचा खोकला. मागच्या पडवीत त्यांची खाट असायची, ताट-वाटी-तांब्या वेगळा, आणि आम्हां पोरांना उंबऱ्याच्या पलीकडे जायची बंदी. शेवटी मिरजेला नेलं, तिथे निदान झालं. पण तोवर दोन्ही फुप्फुसं पोखरून गेली होती. आजी पुढे आयुष्यभर एकच सांगायची, "माझ्या पोराने दुखणं अंगावर काढलं. वेळेवर दवाखान्यात गेला असता तर जगला असता." कधी त्यात भर पडायची, "आणि बायकोने तरी न्यायला नको का?" हे मामीच्या समोर म्हटलं जायचं. मामी काही बोलायची नाही. घरातली गोष्ट ठरून गेली होती. मामा अडाणी होते, मामी अडाणी होती, म्हणून हे झालं. मीही मोठी होऊन चार पुस्तकं शिकले तरी हेच मानत आले.

आता तुमकूरचं ऐका. भाच्याने सांगितलं ते, आणि नंतर मी स्वतः वाचलं ते.

१९५०च्या दशकात क्षयावरची औषधं आली होती. आयसोनियाझिड स्वस्तही होतं. प्रश्न होता तो देशभरच्या रुग्णांपर्यंत ते पोचवायचं कसं. १९५५ ते ५८ या काळात देशात मोठी नमुना-पाहणी झाली आणि तिने एक समज खोटा ठरवला. क्षय हा गिरणीकामगारांचा, चाळींचा, शहरांचा रोग, असं धरून चालले होते. प्रत्यक्षात खेड्यांतही त्याचं प्रमाण शहरांएवढंच निघालं. आणि माणसं तर बहुतेक खेड्यांत. म्हणजे रुग्णही बहुतेक तिथेच. त्या सगळ्यांना सॅनिटोरियमची खाट द्यायची म्हटली तर देशाची तिजोरी पुरली नसती.

खाटेचा प्रश्न मद्रासने सोडवला. १९५६ साली तिथे दोनशेच्या आतले रुग्ण घेऊन चिठ्ठ्या टाकल्यासारखे दोन गट पाडले. एका गटाला सॅनिटोरियम, म्हणजे खाट, आराम, चांगलं जेवण. दुसऱ्या गटाला घरीच ठेवून औषध. आणि घरं म्हणजे गरीब वस्तीतली, दाटीवाटीची, खाण्यापिण्याची ओढाताण असलेली. वर्षाच्या शेवटी दोन्ही गट जवळजवळ सारखेच बरे झाले. आणखी एक, जे वाचताना मला पडवीतली ती खाट आठवली. घरी उपचार घेणाऱ्यांच्या कुटुंबातल्या माणसांना रोगाचा धोका काही वाढला नाही. औषध सुरू झालं की रुग्णापासूनचा धोका झपाट्याने उतरतो, जी लागण व्हायची ती बहुधा निदानाच्या आधीच होऊन गेलेली असते. मूळ अभ्यास १९५९ साली छापून आला. जगभरातली सॅनिटोरियमं ओस पडायला लागली त्यात या अभ्यासाचा मोठा हात आहे. आमच्या घरी मात्र त्यानंतर बारा वर्षांनीही तांब्या वेगळाच होता.

त्याच १९५९ साली बेंगळुरूत राष्ट्रीय क्षयरोग संस्था स्थापन झाली. पुढे जागतिक आरोग्य संघटनेचे महासंचालक झालेले हाफ्दान माहलर त्या काळात भारतातल्या क्षयकार्याशी जोडलेले होते. संस्थेचं वैशिष्ट्य असं, की तिथे फक्त डॉक्टर नव्हते. संख्याशास्त्रज्ञ होते, समाजशास्त्राकडे वळलेले लोक होते. हान्स वालर या नॉर्वेच्या संख्याशास्त्रज्ञाने सहकाऱ्यांबरोबर १९६२ साली क्षयाच्या फैलावाचं गणित मांडलं. या रोगाला असं गणित लावण्याच्या अगदी पहिल्या प्रयत्नांतलं ते एक. कुठला उपाय केला तर वीस-तीस वर्षांनी किती फरक पडेल हे कागदावर आधी पाहायचं, ही कल्पना तेव्हा नवी होती.

आता मुख्य प्रश्न. रुग्ण सापडणार कसे? मोठ्या डॉक्टरांचं तेव्हा ठाम मत होतं, खेडूत अज्ञानी असतो, त्याला आपण आजारी आहोत हेच कळत नाही. म्हणून एक्स-रेच्या गाड्या गावोगाव फिरवा आणि माणसं हुडकून काढा. गाडी, यंत्र, फिल्म, डिझेल, रस्ता. मलप्रभेच्या पलीकडच्या वाड्यांवर पावसाळ्यात बैलगाडी पोचत नसे, तिथे एक्स-रेची गाडी कशी जाणार?

देबबर बॅनर्जी आणि स्टिग अँडरसन यांनी जे केलं ते साधं होतं. तुमकूर जिल्ह्यातल्या गावांत पाहणी करून ज्यांना क्षय असल्याचं दिसलं होतं, अशा लोकांच्या घरी माणसं पाठवली आणि विचारलं. तुम्हाला काही त्रास होतो का? त्याची काळजी वाटते का? मग काय केलंत? उत्तरं १९६३ साली प्रसिद्ध झाली. बहुतेकांना आपल्याला खोकला-ताप आहे हे नीट ठाऊक होतं. त्यांतले बरेच जण काळजीत होते. आणि अर्ध्याहून अधिक लोक औषधासाठी दवाखान्यात जाऊनही आले होते.

तिथे त्यांना काय मिळालं? खोकल्याच्या औषधाची बाटली.

मी हे वाक्य वाचलं आणि चष्मा काढून ठेवला. ती बाटली मी पाहिली होती. लालसर औषध, बाहेरून कागदाची पट्टी कातरून चिकटवलेली, एकेका घोटाची खूण म्हणून. बाटली घरून न्यायची, कंपाउंडर पिंपातून भरून देणार. मामांच्या खाटेखाली तशा तीन-चार होत्या. आम्ही पोरं त्या धुऊन त्यांत काजवे कोंडायचो. इतकी वर्षं मी त्या बाटल्या आठवत होते आणि माझ्या एकदाही डोक्यात आलं नाही, की बाटली घरात आहे याचा अर्थ माणूस दवाखान्यात गेला होता. एकदा नव्हे, अनेकदा.

भाच्याने एका लग्नपत्रिकेच्या पाठीवर मला हिशेब करून दाखवला. आकडे त्याने समजुतीसाठी धरलेले, पण रीत खरी. या रीतीची साखळी पुढे जागतिक आरोग्य संघटनेतल्या पियो यांनी मांडली, आणि ती त्यांच्या नावाने ओळखली जाते. समजा, तालुक्यात क्षयाचे १०० रुग्ण आहेत. ९० जणांना त्रास जाणवतो. ५५ जण दवाखान्यात जातात. तिथला डॉक्टर पाचांतल्या एकालाच थुंकी तपासायला सांगतो, म्हणजे ११ जणांना. सूक्ष्मदर्शकाखाली त्यांतले ८ सापडतात. ७ जण औषध सुरू करतात. ४ जण ते पूर्ण करतात. शंभरातले चार बरे.

"आता आत्या, तुझ्याकडे थोडेच पैसे आहेत. कुठे खर्च करशील?"

मी म्हणाले, लोकांत जागृती करीन. भिंती रंगवीन, रेडिओवर सांगीन. त्याने मान्य केलं. समजा तुझी जागृती इतकी जोरात झाली की त्रास होणारे ९०च्या ९० दवाखान्यात आले. डॉक्टर पुन्हा पाचांतल्या एकालाच थुंकी विचारणार. १८. सापडणार १३. सुरू करणार ११. पूर्ण करणार ६. चाराचे सहा झाले.

आता जागृतीला हातही लावू नकोस. आहेत ते ५५च येऊ देत. फक्त डॉक्टरला सांग, लांबलेला खोकला दिसला की पाचांतल्या चौघांना थुंकी द्यायला लाव. ४४. सापडले ३२. सुरू केलं २८. पूर्ण केलं १६. चाराचे सोळा! आणि खर्च काय? काचपट्ट्या, रंग, एक सूक्ष्मदर्शक, तपासणारा माणूस. त्याच्याही पुढे, औषध सोडून देणारे कमी केले आणि सातांतले सहा जण टिकले, तर सोळाचे चोवीस.

पायऱ्यांचा गुणाकार होतो, बेरीज नव्हे; म्हणून सगळ्यांत फुटक्या पायरीवर लावलेला पैसा सगळ्यांत जास्त फळतो. आणि ही फुटकी पायरी रुग्णाच्या घरात नव्हती, दवाखान्याच्या टेबलाशी होती. आपल्याकडे मात्र काही बिघडलं की आधी रुग्णाला शिकवायला निघण्याची सवय आहे. भिंती रंगवणं दिसतं, फोटो निघतो. टेबलामागच्या माणसाच्या हातात काचपट्टी देण्याचा फोटो कोण काढणार?

(टेबलामागच्या माणसाचीही बाजू आहे. दोनशेच्या रांगेत एकेका पेशंटला मिनिट-दीड मिनिट मिळतो. त्यात 'खोकला किती दिवस?' हा प्रश्न विचारायला वेळ हवा आणि थुंकी तपासायची सोय त्याच इमारतीत हवी. सोय नसताना विचारून काय करायचं, म्हणून विचारणंच बंद होतं.)

तुमकूरच्या आणि मद्रासच्या निष्कर्षांवरून १९६२पासून जिल्हा क्षयरोग कार्यक्रम आखला गेला. वेगळी इस्पितळं नकोत, असलेल्या आरोग्यकेंद्रांतच थुंकी तपासा, औषध घरी द्या. आराखडा उत्तम होता. पण बेंगळुरूतला आराखडा खानापूरच्या टेबलापर्यंत पोचायलाही एक साखळी लागते, आणि ती जागोजागी तुटलेली होती. आमचे मामा गेले तेव्हा हा सगळा अभ्यास छापून आठ वर्षं झाली होती. तुमकूर आमच्यापासून रात्रीच्या गाडीचा प्रवास.

१९९२ साली देशभरच्या कामाचा आढावा घेतला तेव्हा निम्म्याहून कमी रुग्ण उपचार पूर्ण करत असल्याचं दिसलं. १९९३पासून नवी पद्धत अजमावली गेली आणि मार्च २००६पर्यंत ती साऱ्या देशात पोचली; डॉट्स म्हणून आपल्याला ती माहीत आहे. तिच्यातल्या दोन गोष्टी मला फार आवडल्या, कारण दोन्ही स्वयंपाकघरातल्या शहाणपणाच्या आहेत.

एक म्हणजे औषधाची पेटी. पूर्वी गोळ्यांचा साठा एकत्र असे आणि संपला की सगळेच रुग्ण अधांतरी. नव्या पद्धतीत उपचार सुरू करतानाच त्या रुग्णाच्या नावाची एक पेटी काढायची आणि तिच्यात पूर्ण उपचाराच्या गोळ्या. मग मध्येच साठा संपला तरी ज्याचं सुरू झालंय त्याचं अडत नाही. वर्षाचे तांदूळ आधी मोजून कणगीत वेगळे ठेवतात तसंच हे. २०१७च्या सुमारास रोजच्या गोळ्यांची पद्धत आल्यावर ही पेटी गेली, पण तिने वीसेक वर्षं मोठं काम केलं.

दुसरी गोष्ट थुंकीच्या नमुन्यांची. प्रत्येक संशयिताचे तीन नमुने तपासायची रीत होती. तपासणाऱ्याने दिवसाला वीस-पंचवीस काचपट्ट्यांपलीकडे पाहिल्या तर डोळे थकतात आणि जंतू नजरेतून सुटतात. मग ठिकठिकाणच्या नोंदवह्या काढून कोणीतरी मोजलं, की पहिल्या दोन नमुन्यांत न सापडलेला रुग्ण तिसऱ्यात किती वेळा सापडतो? फारच थोड्या वेळा. २००९ साली आपल्याकडे तीनाचे दोन नमुने केले. काम एक तृतीयांश कमी झालं. त्याच वेळी 'तीन आठवडे खोकला' ही अट खाली आणून दोन आठवड्यांवर ठेवली, कारण आता जास्त माणसं तपासायला हात मोकळे होते. नवं यंत्र नाही, नवी माणसं नाहीत.

डॉट्समधली एक गोष्ट मात्र मला खटकायची. रोजच्या गोळ्यांची पद्धत येईपर्यंत आरोग्यसेवकाच्या समोर गोळी गिळावी लागायची, आठवड्यातून तीनदा. औषध सुटू नये म्हणून हे ठीक. पण शेतमजुराने तीनदा यायचं तर त्याचा रोज बुडायचा, बसभाडं जायचं. दवाखान्याच्या वहीत ते कुठेच लिहिलेलं नसायचं. या शास्त्राचा हा धोका मी भाच्याला सांगितला. जे मोजाल तेच सुधारेल. पेशंटची बुडालेली मजुरी मोजलीच नाही तर गणित बरोबर येईल आणि माणूस बुडेल. तो म्हणाला, म्हणूनच तुमकूरची पाहणी मोठी, त्यांनी घरी जाऊन विचारलं. आता सरकार क्षयरुग्णाला पोषणासाठी पैसे देतं, २०१८ साली महिना ५०० रुपये सुरू झाले आणि नोव्हेंबर २०२४पासून १,००० केले. उशिरा का होईना, ती बाजू हिशेबात आली म्हणायची. तपासणी आणि औषध सरकारी केंद्रात फुकट आहेच. शेजारच्या गोव्यात तयार होणारं ट्रूनॅट नावाचं बॅटरीवर चालणारं यंत्रही आलंय, एक-दोन तासांत जंतू आणि औषधाला दाद न देणारा प्रकार दोन्ही सांगतं. तरी यंत्रासमोर थुंकीची डबी ठेवायला कोणीतरी 'खोकला किती दिवस?' विचारावं लागतंच.

त्या रात्री जेवणं झाल्यावर मी मामीजवळ बसले. तुमकूरचं तिला सांगितलं. लोक दवाखान्यात जात होते, पण तिथे त्यांना बाटली देऊन परत पाठवत होते, असं शास्त्रज्ञांनी शोधून काढलंय, असं म्हणाले. ती वाती वळत होती. वळत राहिली.

मग म्हणाली, "ऐद सल होगिद्वि."

पाच वेळा गेलो होतो. आणि मग तिने पाचही वेळा सांगितल्या. पहिल्यांदा नागपंचमीच्या आधी, मामा एकटे चालत. दुसऱ्यांदा भात कापणीच्या वेळी, ती बरोबर, कडेवर धाकटी. तिसऱ्यांदा बाटली नव्हती म्हणून शेजारणीची मागून नेली होती. चौथ्यांदा डॉक्टर रजेवर, कंपाउंडरनेच दिलं. पाचव्यांदा थुंकीत रक्त आलं होतं, ते तिने डॉक्टरला दाखवायला म्हणून पदराच्या टोकाला पुसून नेलं होतं. पण रांग मोठी होती, दाखवायचं राहिलं.

"सासूबाईंना कधी सांगितलं नाहीस?" मी विचारलं.

"सांगितलं की. त्या म्हणायच्या, मग बरा कसा झाला नाही?"

भाचा दाराशी उभा होता. आत येऊन तिच्याजवळ बसला आणि लग्नपत्रिकेच्या पाठीवरचा तो हिशेब तिला पहिल्यापासून सांगू लागला. आकडे कन्नडमध्ये. पंचावन्नाशी आल्यावर मामीने त्याचा हात धरला आणि त्या आकड्यावर बोट ठेवून विचारलं, "ह्यात आम्ही आहोत?"